संस्थेच्या अध्यक्षांचं निधन झालं तर सोसायटीतला राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणता येतो का?

ठाणे_सचिव

नमस्कार मंडळी. आमची १४४ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. गेटजवळ २५ फुटी पोलादी ध्वजस्तंभ आहे. ताणाच्या तारा नाहीत, वर एक कप्पी, दोरी बाहेरून. ऑगस्ट २०२२ पासून ६ × ४ फुटी ध्वज रोज असतो, रात्री त्यावर फ्लडलाइट असतो.

संस्थेच्या संस्थापक अध्यक्षांचं काल निधन झालं. तीन दिवस ध्वज अर्ध्यावर ठेवावा अशी बऱ्याच सभासदांची लेखी मागणी आली आहे. व्यवस्थापन समितीत दोन मतं पडली आहेत. काहींचं म्हणणं, ध्वज आपल्या आवारातला आहे, आपणच लावतो, मग हरकत कोणाची? काहींना हे नियमात बसत नाही असं वाटतं. आणखी एक. अध्यक्ष निवृत्त सैनिक होते, म्हणून अंत्ययात्रेत पार्थिवावर तिरंगा घालायचंही सुचवलं गेलं आहे.

शिवाय सरकारने दुखवटा जाहीर केला तर आमच्यासारख्यांनी नक्की काय करायचं? आत्तापर्यंत आमचा सुरक्षारक्षक ध्वज थोडा खाली ओढून दोरी बांधून टाकायचा. ते बरोबर की चूक, हेही कळलं तर बरं.

कलम_दोन

सरळ उत्तर आधी. अध्यक्षांसाठी ध्वज अर्ध्यावर आणता येणार नाही. समितीने ठराव केला, सर्वसाधारण सभेने एकमताने केला, तरी नाही.

कारण असं की ही गोष्ट नुसती शिष्टाचाराची राहिलेली नाही. राष्ट्रप्रतिष्ठेचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या कलम २ मध्ये कोणकोणत्या कृती म्हणजे ध्वजाचा अवमान, याचं स्पष्टीकरण दिलं आहे. त्यात ध्वज अर्ध्यावर फडकवणं हीच अवमानाची कृती धरली आहे. अपवाद एकच : सरकारच्या सूचनेनुसार सार्वजनिक इमारतींवर ध्वज अर्ध्यावर असेल असे प्रसंग. म्हणजे ज्या दिवशी मंत्रालयावर, जिल्हाधिकारी कार्यालयावर सरकारी आदेशाने ध्वज अर्ध्यावर आहे, त्या दिवशी तुमचाही चालेल. इतर दिवशी नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

"आपल्या आवारातला ध्वज" हा मुद्दा इथे टिकत नाही. कलमात सार्वजनिक जागेबरोबरच "लोकांच्या नजरेत येणारी जागा" असंही म्हटलं आहे. गेटजवळचा २५ फुटी स्तंभ रस्त्यावरून दिसतोच.

लोक इथे नेहमी २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. नवीन जिंदाल प्रकरणातला तो निकाल २३ जानेवारी २००४ चा. सन्मानाने ध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असं न्यायालयाने म्हटलं, हे खरं. भारतीय ध्वजसंहिता २००२ हा विधिमंडळाने केलेला कायदा नाही, कार्यकारी सूचना आहेत, हेही त्याच निकालात आहे. पण १९७१ चा कायदा त्या हक्काला लागू आहे, हेही तिथेच आहे. आणि अर्ध्यावरच्या ध्वजाची बाब संहितेपुरती नाही, थेट कायद्यात आहे. तेव्हा "संहिता म्हणजे कायदा नव्हे" हा युक्तिवाद या मुद्द्यावर उपयोगाचा नाही.

मग काय करता येईल? शोकसभा घ्या, फलकावर श्रद्धांजली लावा, संस्थेचा स्वतःचा ध्वज असेल तर तो खाली आणा, संस्थेचे कार्यक्रम पुढे ढकला. यातल्या कशालाच परवानगी लागत नाही. राष्ट्रध्वज मात्र होता तसा पूर्ण उंचीवर राहू दे.

कलम_दोन

पार्थिवावर तिरंगा घालायचा प्रश्न राहिला. तोही त्याच कलमात आहे. राजकीय इतमामातले अंत्यसंस्कार, लष्कराचे किंवा निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडून कशावरही ध्वज आच्छादन म्हणून घालणं हा अवमान. "निवृत्त सैनिक होते" एवढ्यावर सभासदांनी आपण होऊन ध्वज घालू नये. लष्करी मानवंदना मिळणार असेल तर ध्वज लष्कराच्या तुकडीकडून येतो आणि ती तुकडीच तो घालते. त्यासाठी कुटुंबीयांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलावं.

असा ध्वज घालताना केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो. चितेला अग्नी देण्याआधी किंवा पेटी खाली सोडण्याआधी तो काढून घेतात. ध्वज चितेत जाळायचा नाही, थडग्यात सोडायचा नाही, हे संहितेत स्पष्ट आहे.

कप्पी_दोरी

कायद्याचं झालं, आता दोरीकडे येतो. तुमचा सुरक्षारक्षक करतो ती चूक महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांमध्ये दिसते. ध्वज जमिनीवरून चढवायचा आणि मध्येच थांबवून बांधून टाकायचा. किंवा वरून दोन-तीन फूट सैल सोडायचा. दोन्ही चूक.

संहिता सांगते ती पद्धत अशी : ध्वज आधी पूर्ण टोकापर्यंत न्यायचा, तिथे क्षणभर ठेवायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही अर्ध्यावरून थेट खाली नाही. पुन्हा टोकापर्यंत, मग खाली. चढवताना झपाझप, उतरवताना सावकाश. दोरी सोडून देऊन घसरू द्यायचा नाही, दोन्ही हातांनी दोरी धरूनच आणायचा.

बातमी दुपारी आली आणि ध्वज आधीच पूर्ण उंचीवर असेल तर तो जमिनीपर्यंत उतरवून पुन्हा चढवायचा द्राविडी प्राणायाम करू नका. तो टोकाला आहेच. तिथून सावकाश अर्ध्यावर आणा, झालं.

अर्धं म्हणजे किती? संहितेतली व्याख्या : स्तंभाचं टोक आणि ताणाची तार यांच्यामधलं निम्मं अंतर, ताणाची तार नसेल तर स्तंभाचा निम्मा भाग. तुमच्याकडे तार नाही, म्हणजे २५ फुटांचं अर्धं, साडेबारा फूट. ध्वजाची वरची कड साडेबारावर आणायची की मध्य, हे संहितेत लिहिलेलं नाही. माझा सल्ला : अशोकचक्र साडेबारावर आणा. लांबून पाहणाऱ्यालाही "अर्ध्यावर" असं लगेच दिसतं आणि खाली मोकळी जागा जास्त राहते.

हे दर वेळी नजरेने करू नका. दोरीवरच खुणा करून ठेवा. ध्वज पूर्ण उंचीवर असताना खुंटीशी दोरीचा जो भाग येतो तिथे लाल धागा घट्ट गुंडाळा. मग ध्वज साधारण साडेदहा फूट खाली घ्या. पूर्ण उंचीवर चक्र जमिनीपासून २३ फुटांवर असतं, ते साडेबारावर येतं. आता खुंटीशी येणाऱ्या भागावर निळा धागा. पुढच्या वेळी कोणीही नवखा माणूस निळा धागा खुंटीशी आणून बांधेल.

आता बिघडतं कुठे ते.

ध्वजाच्या काठीकडच्या बाजूला कापडी नळी शिवलेली असते, तिच्यातून दोरी जाते. वरच्या टोकाला लाकडी गुल्ली, खाली मोकळं टोक. गुल्ली स्तंभाच्या दोरीच्या फासात अडकवायची, खालचं टोक दोरीच्या दुसऱ्या टोकाला शीट बेंड गाठीने बांधायचं, म्हणजे पूर्ण वर्तुळ तयार होतं. कित्येक ठिकाणी खालचं टोक बांधतच नाहीत. पूर्ण उंचीवर तेवढ्याने काही बिघडत नाही, कारण ध्वज वर ओढलेलाच असतो. पण अर्ध्यावर आणायची वेळ आली की तो टोकाला अडकून बसतो. ध्वजाचं वजन एवढं कमी असतं की कप्पीतल्या घर्षणावर मात करून तो आपोआप खाली येत नाही. त्याला खालून ओढायला दोरी लागतेच. मग बांबू आणा, शिडी आणा, असा तमाशा होतो.

दुसरं, अर्ध्यावर ध्वजाच्या वर दोरीचा साडेदहा फुटांचा रिकामा भाग राहतो. तो सैल असेल तर वाऱ्याने स्तंभावर आपटत राहतो आणि ध्वज हळूहळू वर-खाली सरकतो. म्हणून दोन्ही दोऱ्या ताणून एकाच खुंटीवर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे चार-पाच वळसे घालून बांधा. साधी गाठ मारू नका, पावसात फुगून सुटत नाही.

तिसरं, १५ ऑगस्टला आपण ध्वजाची गुंडाळी करून, पाकळ्या घालून, सरकगाठ मारून टोकाला नेतो आणि हिसका देऊन उलगडतो. दुखवट्याच्या दिवशी तसं करायचं नाही. मोकळा ध्वजच चढवायचा. पाकळ्या हा आनंदाच्या दिवसाचा भाग. शिवाय सरकगाठ नाही सुटली तर गुंडाळलेला ध्वज अर्ध्या स्तंभावर लोंबतोय असं चित्र दिसतं, जे कोणालाच नको असतं.

ठाणे_सचिव

दोघांचेही आभार. म्हणजे अध्यक्षांसाठी ध्वज अर्ध्यावर नाही, हे समितीला सांगतो.

आणखी तीन शंका. एक, बी विंगच्या गच्चीवर १० फुटी काठी आहे, तिच्यावर साडेचार × तीन फुटी ध्वज असतो. तोही अर्ध्यावर आणायचा का? दोन, निम्म्या लोकांच्या बाल्कनीत कठड्याला बांधलेले छोटे तिरंगे आहेत. दुखवट्यात त्यांचं काय? तीन, मुख्य स्तंभाशेजारी संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा ध्वज वेगळ्या खांबावर असतो.

कप्पी_दोरी

बी विंगचं गणित करून पाहा. वारा नसताना ध्वज ताठ राहत नाही, काठीला लगटून खाली पडतो. अशा वेळी त्याचं सर्वांत खालचं टोक वरच्या कडेपासून जवळजवळ कर्णाएवढं खाली येतं. साडेचार × तीन फुटी ध्वजाचा कर्ण सुमारे ५.४ फूट. १० फुटी काठीच्या मध्यावर चक्र आणलं की वरची कड साडेसहा फुटांवर. साडेसहातून ५.४ गेले, उरला जेमतेम एक फूट. गच्चीवर पाणी साचलेलं असेल, कुंड्या असतील, टाकीचा पाइप असेल, तर ध्वज त्यात घासणार. ध्वज जमिनीला किंवा पाण्याला लागू द्यायचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

त्या काठीला ३ × २ चा ध्वज घ्या. कर्ण ३.६ फूट, वरची कड सहा फुटांवर, खाली जवळजवळ अडीच फूट मोकळे. तोपर्यंत दुखवट्याच्या दिवसांत गच्चीवरचा ध्वज सन्मानाने उतरवून ठेवलात तरी चालेल. रोज फडकवलाच पाहिजे असं बंधन खासगी संस्थेवर नाही. मुख्य स्तंभावर अडचण नाही : ६ × ४ चा कर्ण ७.२ फूट, वरची कड साडेचौदावर, खाली सात फुटांहून जास्त जागा. माणसाच्या डोक्यालाही लागत नाही. टेम्पोचं मात्र बघा. गेटजवळ सामानाचे टेम्पो थांबत असतील तर त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे उभं करा.

बाल्कनीतल्या ध्वजांना दोरीच नाही, तर अर्धं-पूर्ण कुठून येणार? काठीच्या मध्यावर बांधणं, अर्धा गुंडाळणं, उलटा लावणं, यातलं काही करू नका. केशरी पट्टा खाली येईल असा मुद्दाम लावणं हा तर थेट गुन्हा आहे. आहे तसा राहू द्या किंवा काढून घडी घालून ठेवा.

तिसरा_पट्टा

रौप्यमहोत्सवी ध्वजाबद्दल. राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा कोणताही ध्वज लावायचा नाही, हा नेहमीचाच नियम आहे. म्हणजे तो खांब खरं तर आजही शेजारी नको. दुखवट्यात तर राष्ट्रध्वज साडेबारा फुटांवर आणि शेजारी संस्थेचा ध्वज पंधरावर, असा प्रकार होईल. राष्ट्रध्वज खाली घेण्याआधी तो ध्वज उतरवा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी तो, मग राष्ट्रध्वज.

मी वाचलं होतं की अर्ध्यावर म्हणजे दोन तृतीयांश उंची, किंवा वरून एक ध्वज-रुंदी खाली. आणि ज्यांना अर्ध्यावर आणता येत नाही त्यांनी काठीला काळी फीत बांधावी. ते बरोबर आहे ना?

कलम_दोन

दोन्ही आपल्याकडे लागू नाही. दोन तृतीयांशाची पद्धत ब्रिटनमधली, घरगुती ध्वजाला काळी फीत बांधायची चाल अमेरिकेतली. फॉरवर्डमध्ये सगळं एकत्र कालवून येतं.

आपल्या संहितेत काळ्या क्रेपच्या दोन फितींचा उल्लेख आहे, पण तो संचलनात किंवा मिरवणुकीत हातात धरून नेल्या जाणाऱ्या ध्वजापुरता. फिती भाल्याच्या टोकाला बांधायच्या, नैसर्गिक लोंबू द्यायच्या, आणि तेही केवळ सरकारच्या आदेशाने. बाल्कनीत काळी फीत नको. ध्वजावर किंवा स्तंभाच्या टोकावर फुलं, हार, चिन्ह असलं काहीही लावायचं नसतं. श्रद्धांजलीचा हारसुद्धा नाही.

पणजीकर

दुखवटा कोणासाठी आणि कुठपर्यंत, हे कोणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मी लिहितो. कारण गोंधळ दोरीपेक्षा तारखांचाच जास्त होतो.

संहितेत एक तक्ता आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांचं पदावर असताना निधन झालं तर निधनाच्या दिवशी सबंध देशात ध्वज अर्ध्यावर. लोकसभेचे अध्यक्ष आणि सरन्यायाधीश यांच्यासाठी दिल्लीत. केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांसाठी दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्या. केंद्रातल्या राज्यमंत्र्यांसाठी फक्त दिल्ली. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यासाठी त्या सबंध राज्यात. राज्याच्या कॅबिनेट मंत्र्यांसाठी त्या राज्याच्या राजधानीत. म्हणजे महाराष्ट्राचे कॅबिनेट मंत्री गेले तर या तक्त्यानुसार मुंबईत ध्वज अर्ध्यावर, ठाण्यात नाही. राज्य सरकारने वेगळा दुखवटा जाहीर केला तर मात्र राज्यभर.

बातमी दुपारनंतर कळली तर दुसऱ्या दिवशीही अर्ध्यावर, अंत्यसंस्कार त्या दिवशी सूर्योदयाआधी झालेले नसतील तर. अंत्यसंस्काराच्या दिवशी ते जिथे होतात तिथेही अर्ध्यावर.

तक्त्यात नसलेल्यांसाठी दुखवट्याचा स्वतंत्र आदेश निघतो, आणि आपण अनुभवलेले बहुतेक प्रसंग त्याच प्रकारचे आहेत. लता मंगेशकर गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला. केंद्राने ६ आणि ७ असा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, देशभर ध्वज अर्ध्यावर. रतन टाटा गेले ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री. महाराष्ट्र सरकारने १० ऑक्टोबरला एका दिवसाचा दुखवटा पाळला, तो राज्याचा. माजी पंतप्रधानही तक्त्यात नाहीत. मनमोहन सिंग गेले तेव्हा २६ डिसेंबर २०२४ ते १ जानेवारी २०२५ असा सात दिवसांचा दुखवटा स्वतंत्र आदेशाने झाला.

आमच्या गोव्याचं उदाहरण दोन्ही प्रकार दाखवतं. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्रिपदावर असताना १७ मार्च २०१९ च्या संध्याकाळी गेले. तक्त्यानुसार गोव्यात ध्वज अर्ध्यावर आलाच असता. त्यावर केंद्राने १८ मार्चला राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, म्हणून दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांतही अर्ध्यावर आला. गोव्यात सात दिवस.

परदेशी व्यक्तींसाठी गृहमंत्रालय दर वेळी वेगळ्या सूचना काढतं. शिंझो आबेंसाठी ९ जुलै २०२२, राणी एलिझाबेथसाठी ११ सप्टेंबर २०२२. पोप फ्रान्सिस यांच्या वेळचं तर फार बोलकं आहे. तीन दिवसांचा दुखवटा, पण सलग नाही : २२ आणि २३ एप्रिल २०२५, आणि तिसरा दिवस अंत्यसंस्काराचा, २६ एप्रिल. म्हणजे २४ आणि २५ ला ध्वज पूर्ण उंचीवर, २६ ला पुन्हा अर्ध्यावर. "तीन दिवस" एवढंच ऐकून बसलात तर चुकलात. आदेशातल्या तारखा वाचा, दिवस बोटावर मोजू नका.

तिसरा_पट्टा

आणि दुखवट्यात १५ ऑगस्ट आला तर?

पणजीकर

तर ध्वज पूर्ण उंचीवर. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, २ ऑक्टोबर, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह, केंद्राने ठरवलेला इतर कोणताही राष्ट्रीय आनंदाचा दिवस आणि राज्यापुरता त्या राज्याचा स्थापना दिन, या दिवशी ध्वज अर्ध्यावर ठेवत नाहीत. म्हणजे महाराष्ट्रात १ मे, गोव्यात ३० मे. राष्ट्रीय सप्ताह जालियनवाला बागेतल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ, तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. अपवाद फक्त ज्या इमारतीत पार्थिव ठेवलं आहे तिचा. तिथला ध्वज अर्ध्यावर, आणि पार्थिव हललं की तोही वर.

अटलबिहारी वाजपेयी १६ ऑगस्ट २०१८ ला गेले. एक दिवस आधी गेले असते तर त्या दिवशी देशभरातले ध्वज पूर्ण उंचीवरच राहिले असते.

३० जानेवारीबद्दलही विचारणा होते. हुतात्मा दिनी सकाळी ११ वाजता दोन मिनिटं मौन असतं, पण ध्वज अर्ध्यावर ठेवायची तरतूद संहितेत नाही. २६ नोव्हेंबरचंही तेच.

कलम_दोन

पणजीकरांनी लिहिलं त्यात एक भर. दुखवट्याच्या आदेशात ठरलेलं वाक्य असतं : "ज्या इमारतींवर राष्ट्रध्वज नियमित फडकवला जातो त्या सर्व इमारतींवर" तो अर्ध्यावर राहील. "नियमित" हा शब्द सोडून वाचतात आणि मग २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि मराठवाड्यात १७ सप्टेंबर, एवढ्याच दिवशी ध्वज लावणाऱ्या शाळा दुखवट्यासाठी मुद्दाम कपाटातला ध्वज काढून अर्ध्यावर चढवतात. त्याची गरज नाही. तुमचा ध्वज रोज असतो, म्हणून तुमच्याकडे तो प्रश्न येतो.

आदेश कुठे पाहायचा? केंद्राचा असेल तर गृहमंत्रालयाचं पत्र. राज्यात सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेकडून परिपत्रक निघतं आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खाली येतं. वृत्तवाहिनीच्या पट्टीवरून ध्वज हलवू नका. कधीकधी पट्टी आधी फिरते आणि आदेशात व्याप्ती वेगळीच निघते.

ठाणे_सचिव

शेवटची शंका. आमचा ध्वज रात्रीही असतो. सात दिवसांचा दुखवटा असला तर रोज संध्याकाळी टोकाला नेऊन उतरवायचा की सातही दिवस तसाच अर्ध्यावर?

कप्पी_दोरी

जुलै २०२२ च्या बदलानंतर उघड्यावरचा किंवा घरावरचा ध्वज दिवसरात्र ठेवता येतो. तो ठेवलाच पाहिजे असं नाही, ठेवता येतो. रात्री उतरवायचा नसेल तर मधल्या दिवसांत वर-खाली करायचं कारण नाही, अर्ध्यावरच राहील. दुखवटा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पूर्ण उंचीवर न्या.

पण माझं मत विचाराल तर त्या दिवसांत रोज सूर्यास्ताला उतरवा. अर्ध्यावरचा ध्वज स्तंभाच्या मधल्या भागाला सारखा घासतो. पोलादी पाइपचे जोड नेमके तिथेच असतात, वेल्डिंगचा खडबडीतपणा असतो, आणि हिरव्या पट्ट्याच्या कोपऱ्याची शिलाई तिथे उसवते. डिसेंबर २०२१ पासून यंत्रावर विणलेलं आणि पॉलिस्टरचं कापडही चालतं. ते लवकर वाळतं, पण टोकाकडून धागे फार लवकर सुटतात. खादी टिकते, पण भिजली की जड होऊन स्तंभाला चिकटून बसते. रोज खाली आला की निदान कडा तपासता येतात. फाटका किंवा मळका ध्वज अर्ध्यावर काय, पूर्ण उंचीवरही चालत नाही. निकामी झालेला ध्वज खासगीत, पूर्णपणे आणि सन्मानाने नष्ट करायचा असतो, शक्यतो जाळून. पॉलिस्टर जाळताना वितळून ठिबकतं, तेव्हा धातूच्या घमेल्यात आणि मोकळ्या हवेत.

खाली आलेला ध्वज कसातरी गोळा करून ठेवू नका. आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत अशी घडी की वर चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसत राहील. तळहातांवर घेऊन आत न्यायचा. दोन माणसं लागतात, एकट्याने केलं तर एक टोक हमखास जमिनीला लागतं.

ठाणे_सचिव

समितीला कळवलं. उद्या शोकसभा, ध्वज पूर्ण उंचीवर. रौप्यमहोत्सवाचा खांब आज काढतोय. दोरीवर लाल आणि निळ्या खुणा आत्ताच करून ठेवतो, म्हणजे वेळेवर धावपळ नको. दोरी नवीन घेतली आहे, ८ मिमी नायलॉन.

कप्पी_दोरी

नवीन नायलॉन आहे तर धागे आत्ता कच्चेच बांधा. पहिल्या महिन्याभरात तो ताणला जातो आणि एवढ्या लांबीत खूण सहज वीतभर सरकते. महिन्याने ध्वज पूर्ण उंचीवर नेऊन दोन्ही खुणा पुन्हा जुळवा, मग पक्क्या शिवा. तेव्हाच कप्पीत दोन थेंब तेल सोडा, आणि तिच्या कडेला दोरी उतरून अडकेल अशी फट आहे का ते शिडी लावून एकदा बघून घ्या.